मागचा स्टॅबिलायझर बार: १९ की २२, आणि नट नेमके कधी आवळायचे

प्रश्न असा आहे. सोलापुरातली सेडान, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारं). कंपनीचा मागचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आणि वळणावर गाडीचं झुकणं रोखणारा दांडा, व्हर्नियरने मोजला तर १६ मिमी भरतो. आफ्टरमार्केटमध्ये १९ आणि २२ असे दोन पर्याय मिळतायत. तुळजापूर घाटात वळणावर गाडी पुढून बाहेर ओढते, म्हणून जाड बार टाकायचाय. गॅरेजवाला म्हणतो, एका बाजूने जॅक लावू, अर्ध्या तासात काम करून देतो. कोणता घ्यावा, बसवताना काय बघावं आणि पुढे काय त्रास होतो?

१९ घ्या. आणि एका बाजूने जॅक लावून हे काम करून घेऊ नका. तसं बसवलेल्या गाड्याच पुढे खडखडाट घेऊन परत येतात. त्याचं कारण खाली येईलच.

आधी जाडीचा हिशोब. बारची ताठरता व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते. १६ वरून १९ म्हणजे दिसायला ३ मिमी, पण ताठरता जवळपास दुप्पट, १.९९ पट. १६ वरून २२ ला गेलात तर साडेतीन पटीच्या वर. दुकानदार '२२ म्हणजे थोडा जाड' असं म्हणेल, त्या 'थोडा'ला काही अर्थ नाही. पोकळ बार दिसला तर तो हलका म्हणून नाकारू नका. बाहेरून २२ आणि नळीच्या भिंतीची जाडी ४ मिमी असेल तर वजन भरीव बारच्या सुमारे ६० टक्के, पण ताठरता ८४ टक्के टिकते, कारण पीळ मुख्यतः बाहेरचा थर पेलतो. म्हणजे पोकळ २२ सुद्धा तुमच्या मूळ बारच्या तिप्पट होतो. फक्त व्यास बघून निवड करू नका.

हा बार पकड वाढवत नाही, ती पुढे-मागे वाटतो. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार हे गाडीचं वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि तुमचा वेग ठरवतात. बार फक्त एवढंच ठरवतो की त्यातलं किती पुढच्या जोडीनं उचलायचं आणि किती मागच्या. एका जोडीतल्या दोन टायरांवरचा भार जितका असमान, तितकी त्या जोडीची मिळून पकड कमी. मागचा बार जाड केला की मागच्या जोडीतली असमानता वाढते, पुढच्या जोडीतली कमी होते आणि गाडीचं नाक वळणात शिरतं. पुढची पकड वाढली असं वाटतं खरं, पण ती मागून उसनी घेतलेली असते.

एक काल्पनिक हिशोब बघा. झुकण्याला होणारा एकूण विरोध १०० धरला: पुढचे स्प्रिंग आणि बार मिळून ६०, मागचे स्प्रिंग ३०, मागचा बार १०. बार दुप्पट केला की एकूण ११० होतात. गाडीचं झुकणं जेमतेम ९ टक्क्यांनी कमी होतं, पण मागचा वाटा ४० वरून साडेपंचेचाळीस टक्क्यांवर जातो. म्हणून 'गाडी आता अजिबात झुकणार नाही' ही अपेक्षा ठेवून खर्च करू नका. फरक झुकण्यात कमी आणि वळणाच्या वागणुकीत जास्त जाणवतो.

आणि तुमची तक्रार मुळात बारचीच आहे का, हे आधी तपासा. पुढचे टायर झिजलेले, हवा कमी, पुढचे शॉकअप बसलेले, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले, यातल्या कशानेही गाडी पुढून बाहेर ओढते. हवा सकाळी, गाडी न चालवता, थंड टायरवर तपासा. एप्रिल-मेमध्ये दुपारी अक्कलकोट रोडवरून येऊन हवा मोजली तर गरम टायर जास्त दाखवतो आणि पंपवाला बिचारा हवा काढतो. शॉकअप गेलेल्या गाडीला जाड बार घातला तर ती वळणावर ताठ राहील, पण खड्ड्यावर उड्या मारेल. तिथे पैसे आधी शॉकअपवर घाला.

पार्सल आलं की लगेच गॅरेज गाठू नका. बार घरच्या सपाट फरशीवर ठेवा. दोन्ही टोकं फरशीपासून सारख्या उंचीवर हवीत. एक टोक वर राहत असेल तर बार वाहतुकीत किंवा कारखान्यात पिळला गेलाय, परत पाठवा. जुना बार निघाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर, क्लॅम्पच्या जागा आणि सायलेन्सरच्या बाजूचा बाक जुळतोय का बघा. किटमध्ये नव्या व्यासाचे दोन डी-बुश (क्लॅम्पमध्ये बारला धरणारे इंग्रजी डी आकाराचे तुकडे) हवेतच. १६ चा जुना बुश सुरीने कोरून १९ च्या बारवर चढवण्याचा प्रकार चालतो, तो बुश महिनाभरही धड राहत नाही. लिंक रॉड, म्हणजे बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्या, बहुतेक किटमध्ये येत नाहीत. जुने लिंक ६०–७० हजार किलोमीटर चाललेले असतील तर नवीन जोडी आधीच आणून ठेवा, कारण जुन्याचा नट सहसा सरळ निघत नाही.

सामान: १० ते १९ पर्यंतच्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने, ५ आणि ६ मिमीची ॲलन की, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), तारेचा ब्रश, डब्ल्यूडी-४०, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), दोन जॅक, चाकांना लावायला ठोकळे, निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) आणि लिंक रॉडचे नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले). नायलॉक एकदा काढला की त्याची पकड गेली, तो परत लावायचा नाही. काही युरोपीय गाड्यांत बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला आणि मग ठरावीक अंशात फिरवून आवळतात. तसे बोल्टही एकदाच वापरायचे. आदल्या रात्री सगळ्या आट्यांवर डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यासारखा गंज नसतो, पण काळ्या मातीचा चिखल आट्यात शिरून उन्हात विटेसारखा घट्ट होतो. आधी ब्रशने तो उकरला नाही तर नट फिरताना आटे घेऊनच जातो.

आता गाडी उचलणं. मागची चाकं वर गेली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो मागच्याच चाकांवर लागतो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा आणि दोन्ही पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. जमीन काँक्रीटची हवी. उन्हाळ्यात पारा ४०–४२ च्या पुढे गेला की डांबर मऊ पडतं आणि घोडीचे पाय हळूहळू रुततात. काम डांबरावरच करावं लागलं तर प्रत्येक घोडीखाली जाड प्लायचा तुकडा टाका. विटांवर गाडी टेकवायची नाही, वीट भार आला की इशारा न देता फुटते.

दोन्ही बाजू एकाच वेळी आणि सारख्या उचला. गॅरेजवाल्याचा अर्धा तास इथेच मोडतो. एकच बाजू वर घेतली तर एक चाक खाली लटकतं, दुसरं दाबलेलं राहतं आणि त्यांच्यामधला बार पिळलेला असतो. अशा अवस्थेत लिंकचा शेवटचा आटा सुटला की बारचं टोक झटक्याने सुटतं आणि बोटं तिथेच असतात. नवा बार लावतानाही एका बाजूचं भोक जुळत नाही, मग पहार घालून ओढतात, लिंकचा बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) वाकडा आवळला जातो आणि गाडी खाली उतरल्यावर तो कायम ताणात राहतो. दोन खांबांची लिफ्ट असेल तर दोन्ही चाकं सारखी लटकतात, अडचण येत नाही. खड्डा किंवा गाडी चढवायचा रॅम्प असेल तर शेवटच्या आवळणीसाठी तो लिफ्टपेक्षाही बरा, कारण चाकं भारावर असतात.

काढताना आधी लिंक, मग क्लॅम्प. बॉल जॉइंटच्या लिंकचा नट फिरवताना आतली दांडीही फिरते. तिच्या टोकाला ॲलन कीचं भोक किंवा मागे पातळ पान्यासाठी सपाट जागा असते, ती धरून ठेवा. इम्पॅक्ट गन लावली तर दांडी गरगर फिरते आणि रबरी टोपी फाटते. फाटलेल्या टोपीतून आपली धूळ आत गेली की काही महिन्यांत टकटक सुरू. ॲलन कीचं भोक गोल झालं असेल तर वेळ न घालवता नट ग्राइंडरने कापा, पण ठिणग्यांपासून ब्रेकची नळी आणि पेट्रोलची टाकी ओल्या कापडाने झाकून.

काही गाड्यांत बार बाहेर येण्यासाठी सायलेन्सर थोडा खाली घ्यावा लागतो. त्याच्या रबरी कड्यांना साबणाचं पाणी लावा, त्या सहज निघतात. सायलेन्सर मात्र तारेने बांधून ठेवा, पुढच्या लवचिक पाइपवर लटकत सोडू नका. मागच्या आर्मला हेडलाइटची उंची ठरवणारा सेन्सर जोडलेला असेल तर त्याची बारीक दांडी आधी सोडवा. ती विसरली की तुटते, आणि तिची किंमत बारच्या तुलनेत हास्यास्पद जास्त असते. एबीएसच्या वायरीची क्लिपही बघून घ्या. काम झाल्यावर एबीएसचा दिवा लागला तर दहापैकी नऊ वेळा ती वायर ओढली गेलेली असते. सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती गाडीखालची चौकट) खाली घ्यावी लागली तर घेण्याआधी तिच्या कडेने खडूने खुणा करा आणि नंतर मागची अलाइनमेंट करून घ्या. एरवी नुसता बार बदलल्याने अलाइनमेंट हलत नाही.

आता ग्रीसचं. किटमधले बुश पॉलियुरेथेनचे असतील तर आतून सिलिकॉन ग्रीस सढळ हाताने लावा, नाहीतर पहिल्या थंडीत दाराच्या बिजागरीसारखे करकरतील. साधे रबरी बुश असतील तर गॅरेजमधलं पिवळं ग्रीस अजिबात नको, त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. रबरी बुश साबणाच्या पाण्याने सरकवून बसवावा. बुशला चीर असेल तर ती कंपनीच्या जुन्या बुशची होती त्याच दिशेला ठेवा.

नवा बार वर घेऊन दोन्ही क्लॅम्पचे बोल्ट फक्त हाताने लावा. क्लॅम्प अर्धवट आवळून बार डावी-उजवीकडे सरकवत मध्यावर आणा, दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. मग क्लॅम्प टॉर्कवर आवळा, आणि लिंक लावायच्या आधी बारचं टोक हाताने वर-खाली करा. पॉलियुरेथेनमध्ये तो थोडा जोर लावून पण सलग फिरला पाहिजे. फिरत नसेल तर क्लॅम्प बुशला आवळून धरतोय, बहुधा बुश चुकीच्या मापाचा आहे. असा बार झुकण्याबरोबर सरळ हालचालीलाही विरोध करतो आणि गाडी विनाकारण कडक लागते. मिस्त्री म्हणेल 'बसेल हळूहळू'. बसत नाही, क्लॅम्पचा बोल्ट तुटतो.

बारच्या टोकाला दोन किंवा तीन भोकं असतील तर सुरुवात सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे टोकाकडच्या भोकापासून. आतलं भोक घेतलं की बारच्या हाताची (टोकाकडच्या वळलेल्या भागाची) लांबी कमी होते आणि ताठरता लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वाढते. हात २५० वरून २२५ मिमी झाला तर ताठरता जवळपास पाव पटीने जास्त. दोन्ही बाजूंना तेच भोक, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

लिंकचे नट शेवटी, आणि मागची चाकं भारावर असताना. रबरी बुशच्या लिंकला हे सक्तीचं आहे. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बॉल जॉइंटच्या लिंकला तेवढा धोका नाही, तरी सवय हीच ठेवा. लिंक लांबी बदलता येण्यासारखे असतील तर गाडी सपाट जागी चारही चाकांवर असताना एक बाजू लावा, आणि दुसऱ्या बाजूची लांबी इतकी ठरवा की बोल्ट बोटाने आत जाईल. हातोडी लागली म्हणजे लांबी चुकली.

टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. तो हाताशी नसेल तेव्हा ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टसाठी एम८ ला २५, एम१० ला ४५ ते ५० आणि एम१२ ला ८० ते ८५ न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण अंदाज आहे. आट्यांना तेल किंवा कॉपर ग्रीस लावलं असेल तर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, तेव्हा कमी करावा लागतो. डोक्यावर ग्रेडचा आकडा नसलेला बोल्ट इथे वापरू नका, चमकदार असला तरी.

गाडी खाली घ्यायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बारभोवती हात फिरवा. सायलेन्सर, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि टाकीपासून किमान १५ मिमी मोकळी जागा हवी. सायलेन्सर रबरावर झुलतो, त्याला अजून जास्त. मागच्या सीटवर तिघे बसवून आणि डिकीत वजन टाकून परत बघा. रिकाम्या गाडीत मोकळा असणारा बार पाच माणसं तुळजापूरला निघाल्यावर सायलेन्सरला टेकतो, असं पुष्कळदा होतं.

जाड बारचा ताण कुठेतरी पत्र्यावर येतो, हेही ध्यानात घ्या. नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिकला परदेशात हौशी मंडळींनी मागे जाड बार घातले आणि सबफ्रेमचा पत्रा क्लॅम्पपाशी फाटला. तेव्हापासून त्या गाडीसाठी मजबुतीच्या प्लेटा वेगळ्या विकल्या जातात. २२ ला नाही म्हणण्याचं हे दुसरं कारण.

स्विफ्ट, पोलो, आय२० यांसारख्या मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांचे आर्म जोडणारा, पिळला जाणारा आडवा तुळईसारखा भाग) असलेल्या गाडीवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे बहुतेक किटमध्ये लिंक किंवा फिरणारे बुश नसतात, बार दोन आर्मना घट्ट बोल्टने जोडला जातो आणि बीमबरोबर पिळला जातो. सांधा किंचित सरकला तरी 'कट्' असा आवाज येतो, म्हणून तिथला रंग आणि माती साफ करूनच आवळा. शॉकअपच्या खालच्या बोल्टवर बसणारा प्रकार असेल तर तो बोल्ट गाडी भारावर असतानाच आवळायचा, नाहीतर शॉकअपचा बुश पिळतो. बीमला वेल्डिंग करू नका. तो मुद्दाम पिळण्यासाठी बनवलेला भाग आहे आणि वेल्डच्या कडेला त्याला भेग जाते.

पहिली फेरी रिकाम्या मैदानावर, कमी वेगात, आठाच्या आकड्यात. मग भिंतीशेजारून काच खाली करून गतिरोधकावरून तिरकी, चालण्याच्या वेगाने घ्या, म्हणजे आधी एक चाक आणि मग दुसरं. खडखड असेल तर भिंतीवरून परत ऐकू येते. एकदाच 'टक्' म्हणजे लिंकचा नट, करकर म्हणजे बुश, धातूची खरखर म्हणजे बार कुठेतरी घासतोय. १०० आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टॉर्कवर तपासा. थ्रेडलॉक लावलेला बोल्ट सोडवायचा नाही, फक्त तपासायचा.

रोजच्या रस्त्यावर दोन गोष्टी बदलतील. दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर चढली तर काही फरक नाही, पण एकाच चाकाखाली खड्डा आला तर आता त्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो, गाडी डावी-उजवीकडे डोलते. सात रस्त्याच्या गर्दीत हे रोज जाणवेल. दुसरी गोष्ट गंभीर आहे. वेगात वळताना पाय अचानक ॲक्सिलरेटरवरून काढला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधीच पकड उसनी दिलेलं मागचं टोक सुटू शकतं. उसाच्या हंगामात हैदराबाद रस्त्यावर वळणाआड दिव्याविना ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली की पाय आपोआप उचलला जातो, नेमकी तीच वेळ. पहिल्या पावसाचा तेलकट रस्ता तर विचारूच नका. म्हणून जाड मागच्या बारच्या गाडीत जास्त नक्षीचे टायर नेहमी मागे लावा. पुढे नवे आणि मागे झिजलेले, ही आपल्याकडची काटकसर या गाडीत चालणार नाही. ओल्या रस्त्यावर मागून सुटतेय असं वाटलं आणि आतलं भोक वापरत असाल तर बाहेरच्यावर या. तिथेही सुटत असेल तर जुना बार परत लावा.

म्हणून तो भंगारात देऊ नका. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून बुश-क्लॅम्पसकट माळ्यावर ठेवा, गाडी विकतानाही लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा ठरेल अशा फेरफाराबद्दल आहे. बारचा व्यास आरसीवर नसतो, तरी विमा कंपनीला हा बदल लेखी कळवून उत्तर जपून ठेवा आणि गाडी वॉरंटीत असेल तर काम थोडं पुढे ढकला.

पावसाळा संपल्यावर एकदा गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाण्याने धुवा. क्लॅम्प आणि बुशच्या फटीत साचलेली काळी माती सॅंडपेपरसारखी बार घासते. पॉलियुरेथेनचे बुश सोडवून, पुसून, नवं सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. लिंकच्या टोप्या बोटाने दाबून बघा, ग्रीस बाहेर आलं तर तो लिंक बदला, जोडीने.